दुसऱ्या खुर्चीवरची तीस वर्षं

कॉलेज बास्केटबॉलच्या सामन्यात टाइमआउट झाला की लोक मोठ्या पडद्याकडे बघतात, नाहीतर बँडकडे. मी बेंचकडे बघते. मॅनेजर मुलं धावत येऊन खेळाडूंसाठी स्टुलं मांडतात, पाणी आणि टॉवेल पुढे करतात. तेवढ्या वेळात हेड कोच आणि त्याचे असिस्टंट खेळाडूंपासून चार पावलं लांब, कोर्टवरच, डोक्याला डोकं लावून उभे राहतात. सगळा दहा-पंधरा सेकंदांचा कारभार. त्यात बोलणारा बहुतेक वेळा हेड कोच नसतो. समोरच्या संघाचा अभ्यास ज्याच्याकडे सोपवलेला असतो, तो असिस्टंट बोलतो: यांचा सेंटर आज फक्त डाव्या खांद्यावरून वळतोय, उजवीकडून दाबा, पुढच्या बॉलला ते कोपऱ्यातल्या शूटरसाठी स्क्रीन लावतील. हेड कोच मान हलवतो, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवतो आणि फळा घेऊन मुलांसमोर जाऊन बसतो. टीव्हीवर ऐकू येतं ते एवढंच. आधीचे पंधरा सेकंद कुणाला ऐकू येत नाहीत. मला या खेळातले तेच सर्वात मोलाचे वाटतात.

मी नॉर्थ कॅरोलायनात, केरीला राहते. चॅपल हिलचं फिकट निळ्या रंगाचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आणि डरहॅमचं गडद निळ्या रंगाचं ड्यूक विद्यापीठ, दोन्ही इथून जवळ, म्हणून फिकट निळा की गडद निळा हा प्रश्न ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात विचारला जातो. नागपूरला शाळेत असताना मी सिमेंटच्या कोर्टवर खेळले होते, त्यामुळे खेळ कळत होता. पण इथली माणसं कोचांची घराणीही तोंडपाठ सांगतात, ते मला नवीन होतं. 1891 मध्ये स्प्रिंगफील्डला ज्यांनी हा खेळ शोधला, ते जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले. त्यांच्या हाताखाली फॉग ॲलन तयार झाले. ॲलन यांच्या 1952 च्या विजेत्या संघात डीन स्मिथ नावाचा एक राखीव खेळाडू होता. तो 1958 मध्ये चॅपल हिलला असिस्टंट म्हणून आला, 1961 मध्ये हेड कोच झाला आणि 36 वर्षं राहिला. एवढं कुणीही सांगेल. या घराण्यात माझा जीव जडला तो मात्र वेगळ्याच माणसावर.

त्या माणसाकडे वळण्याआधी एका मुलाबद्दल सांगायला हवं, कारण हे लिहायला कारण तो आहे. आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा याच राज्यातल्या एका कॉलेजात शिकतो आणि तिथल्या बास्केटबॉल संघाचा स्टुडंट मॅनेजर आहे. दिवाळीच्या फराळाला त्याची आई मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते. हा रात्री अकरा वाजता कुणाला तरी बॉल परत द्यायला जातो, कपडे धुतो, कॅमेरा धरतो. म्हणतो, मला कोच व्हायचंय. यात पुढे काय असतं?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. पुढे काय असतं ते मी तिला जमेल तसं सांगितलं. मॅनेजरकी झाली की ग्रॅज्युएट असिस्टंट: एखादं कॉलेज पदव्युत्तर शिक्षणाची फी भरतं, वर थोडा हातखर्च देतं आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवून घेतं. मग व्हिडिओ को-ऑर्डिनेटर: सामन्यांचं फिल्म कापून, प्रत्येक चाल वेगळी काढून, खेळाडूंच्या टॅबलेटवर टाकायचं. मग ऑपरेशन्स, म्हणजे बस, विमान, हॉटेल, जेवण. हे सगळं झाल्यावर, नशीब असेल तर, असिस्टंट कोच. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या पातळीवर, पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. वर्षानुवर्षं प्रत्येकाला तीनच असिस्टंटची मुभा होती. 2023 मध्ये आणखी दोघांना परवानगी मिळाली, तीही तेव्हा शिकवण्यापुरती. बाहेर जाऊन खेळाडू शोधायची नव्हती. म्हणजे जागा हजाराच्या वर, आणि त्या प्रत्येकाची नजर हेड कोचच्या साडेतीनशे खुर्च्यांवर. त्या खुर्च्या वर्षाला थोड्याच रिकाम्या होतात.

काम कसं असतं तेही सांगते, कारण ते बाहेरून दिसत नाही. एका हंगामात तीसेक सामने. ते असिस्टंटांत वाटून घेतात, प्रत्येकाच्या वाट्याला दहाच्या आसपास 'स्काउट' येतात. एका स्काउटसाठी समोरच्या संघाचे चार-पाच सामने पुन्हा पुन्हा बघायचे. कोण कुठल्या हाताने ड्रिबल करतो, दमल्यावर कोण बचावात आळस करतो, त्यांचा कोच बोट वर केल्यावर कुठली चाल लावतो. मग राखीव खेळाडूंना त्या चाली शिकवून सरावात समोर उभं करायचं. हे चालू असताना फोन सुरूच: शाळकरी खेळाडू, त्याचे वडील, त्याचा शाळेतला कोच, त्याचा उन्हाळी क्लबचा कोच. जुलैत ज्या स्पर्धांमध्ये ही मुलं खेळतात, तिथे एका हॉलमध्ये चार-चार कोर्टांवर एकदम सामने चालतात आणि कॉलेजचा लोगो असलेले पोलो शर्ट घातलेले कोच खुर्च्यांवर दिवसभर बसलेले असतात. मी एकदा असा हॉल बघितला. नुसतं बसणं हेही काम होतं. आपण त्याच्यासाठी आलोय हे त्या सोळा वर्षांच्या मुलाला दिसलं पाहिजे.

आणि मोबदला? 1992 मध्ये एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय नियामक संस्थेचा, नियम लागू झाला की संघातल्या एका असिस्टंटला वर्षाला 16,000 डॉलरपेक्षा जास्त द्यायचेच नाहीत: 12,000 शैक्षणिक वर्षात, 4,000 उन्हाळ्यात. नियम इतर खेळांनाही लागू होता. कारण सांगितलं गेलं खर्च आटोक्यात ठेवण्याचं आणि नवख्यांना संधी देण्याचं. पण त्या जागांवर नवखेच नव्हते. संसार असलेली, वर्षानुवर्षं शिकवणारी माणसंही एका रात्रीत त्या आकड्याखाली आली. त्याच वेळी हेड कोचच्या पगाराला कसलीच मर्यादा नव्हती. कॅन्ससच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि 1995 मध्ये नियम बेकायदा ठरला. 1998 मध्ये अपिलातही तेच झालं. शेवटी 1999 मध्ये एनसीएएने 5 कोटी 45 लाख डॉलर देऊन तडजोड केली. मला त्या पैशांपेक्षा न्यायालयाने मान्य केलेली गोष्ट मोठी वाटते: या माणसांच्या श्रमाची बाजारात किंमत आहे आणि ती दाबून ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही.

त्याही आधीची, 1978 ची गोष्ट. रॉय विल्यम्स नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेत कोच होता. डीन स्मिथनी त्याला अर्धवेळ असिस्टंट म्हणून बोलावलं. पगार वर्षाला 2,700 डॉलर. घरी बायको आणि लहान मूल. तो संघाची कॅलेंडरं विकत राज्यभर हिंडायचा. दर रविवारी भल्या पहाटे स्मिथ यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेप गाडीत टाकून ग्रीन्सबरोला, तिथून थेट डोंगरांतल्या ॲशव्हिलला पोचवायचा आणि परत यायचा. दहा वर्षं तो तिथे राहिला. विल्मिंग्टनच्या शाळेत खेळणाऱ्या मायकल जॉर्डनला चॅपल हिलकडे वळवण्यात त्याचा मोठा वाटा होता. 1988 मध्ये कॅन्ससचं हेड कोचपद रिकामं झालं, तेव्हा कॉलेज पातळीवर एकदाही हेड कोच न झालेल्या या माणसाला स्मिथ यांच्या शब्दावर ते मिळालं. पुढे 2003 मध्ये तो चॅपल हिलला परतला आणि 2005, 2009, 2017 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. कोच होऊ पाहणाऱ्या पोरांना ही गोष्ट हटकून सांगितली जाते. ती खरी आहे आणि सुंदरही आहे. पण ती सांगताना ती दहा वर्षं म्हणजे नुसता जिना होऊन जातात, वर पोचल्यावर विसरायचा.

रॉय आला तेव्हा त्याच बेंचवर बिल गथ्रिज बसलेले होते. माझा जीव जडलाय तो यांच्यावर.

गथ्रिज कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावचे. कॅन्सस स्टेट विद्यापीठात टेक्स विंटर यांच्या हाताखाली खेळले, तिथेच असिस्टंट झाले आणि 1967 मध्ये चॅपल हिलला डीन स्मिथ यांच्याकडे आले. आले ते तीस वर्षं असिस्टंटच राहिले. उंच खेळाडूंना बास्केटखाली पाय कसे ठेवायचे, हे ते शिकवायचे, शूटिंग बघायचे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकला स्मिथ यांच्याबरोबर ते सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे सहायक होते. 1982 आणि 1993 च्या राष्ट्रीय विजेतेपदांत त्याच खुर्चीवर होते. हेड कोचपदं चालून आली नाहीत असं नाही. 1978 मध्ये पेन स्टेटचं पद त्यांनी स्वीकारलंही होतं. मग मन बदललं आणि ते चॅपल हिललाच राहिले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडची मैफल आली. बुवा गात असतात आणि मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य, स्वतःही पन्नाशीला आलेला, बुवांचा श्वास जिथे संपतो तिथे सूर उचलून धरतो. तबकडीवर त्याचं नाव नसतं. त्याला एकट्याला गायला बोलावलं तर तो गाऊ शकतो, हे सभागृहातल्या जाणकारांना ठाऊक असतं. तरी तो मागे बसतो, कारण त्याला त्या गाण्यात राहायचं असतं.

गथ्रिज यांच्याबद्दल मला नेमकं हेच वाटतं. इथे असिस्टंटला बघायची रीत अशी की हा अजून हेड कोच झालेला नाही. वय पस्तीस असेल तर 'लवकरच होईल', पंचेचाळीस असेल तर 'का झाला नाही?', आणि पंचावन्न असेल तर कुणी विचारतही नाही. पदाला स्वतःचं मोल नाही, ते फक्त पुढच्या पदाची प्रतीक्षा. मला हा हिशेब मुळातच चुकीचा वाटतो. तीस वर्षं दरवर्षी नव्या अठरा वर्षांच्या पोराला गुडघे वाकवून उभं राहायला शिकवणं हे पूर्ण आयुष्याचं काम आहे, त्याला पुढे काही जोडायची गरज नाही.

आणि तरी त्यांच्या बाबतीत पुढे घडलंच. 9 ऑक्टोबर 1997 ला, हंगामाचा सराव सुरू व्हायला आठवडाभर असताना, स्मिथ 879 विजयांवर निवृत्त झाले. त्या घडीला बाहेरून कुणी शोधून आणणं शक्यच नव्हतं. ही वेळ स्मिथनी आपल्या सहकाऱ्यासाठीच निवडली असावी, असं मला वाटतं. साठीच्या गथ्रिजना पहिल्यांदा पहिली खुर्ची मिळाली. संघात आंटॉन जेमिसन आणि व्हिन्स कार्टर होते. सुरुवातीला उतरवायला पाच जागा आणि पात्र खेळाडू सहा. गथ्रिजनी सहाही जणांना पाळीपाळीने सुरुवात दिली. मला यात त्यांची तीस वर्षं दिसतात. बेंचवर बसणं म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसालाच असं सुचतं. तो संघ 34 सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत गेला, सॅन अँटोनियोत युटाकडून हरला, आणि गथ्रिज वर्षाचे सर्वोत्तम कोच ठरले.

पुढची दोन वर्षं सोपी नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत वेबर स्टेटने 76-74 असं हरवलं. 2000 मध्ये संघ 18 विजय आणि 13 पराभव घेऊन कसाबसा स्पर्धेत शिरला. दुसऱ्या खुर्चीवर शोभणारा माणूस पहिल्या खुर्चीवर शोभतोच असं नाही, अशी कुजबुज उघड टीकेत बदलली. आठव्या मानांकनाच्या त्याच संघाने मग स्टॅनफर्डला घरी पाठवलं आणि पुन्हा अंतिम चौघांत मजल मारली. 30 जून 2000 ला गथ्रिजनी निवृत्ती जाहीर केली. हेड कोच म्हणून तीन वर्षांत 80 विजय, 28 पराभव, दोनदा अंतिम चौघांत. खेळाडू, असिस्टंट आणि हेड कोच म्हणून मिळून त्यांनी अंतिम चौघांची ती फेरी 14 वेळा गाठली. पण नोंदवह्यांत त्यांच्या नावापुढे 80-28 एवढंच लिहिलेलं असतं, कारण असिस्टंटच्या नावावर विजय लिहायचा रकानाच नाही.

ही बाजू जितकी उजळ, तितकीच दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. गथ्रिज गेल्यावर विद्यापीठाने रॉय विल्यम्सना बोलावलं, ते कॅन्सस सोडायला तयार झाले नाहीत, आणि मॅट डोहर्टी आले. डोहर्टीनी आपले असिस्टंट आपल्याबरोबर आणले. म्हणजे आधीचे गेले. त्यांत फिल फोर्ड होते, चॅपल हिलचा लाडका पॉइंट गार्ड, 1978 चा राष्ट्रीय सर्वोत्तम खेळाडू, बारा वर्षं तिथला असिस्टंट. नवा हेड कोच आपली माणसं आणणार, हा या धंद्यातला मान्य रिवाज आहे आणि डोहर्टीनी वेगळं काही केलं नाही. पण विचार करा: तुमची नोकरी तुमच्या कामावर टिकत नाही, दुसऱ्याच्या नोकरीवर टिकते. तो हरला तर तुम्ही गेलात, तो जिंकून मोठ्या कॉलेजात गेला तरी तुम्ही गेलात. मार्च-एप्रिलमध्ये एक हेड कोच हलला की तीन-चार घरांतली मुलं शाळा बदलतात.

कलंक लागायची वेळ आली तरी पहिला वार यांच्यावरच. 26 सप्टेंबर 2017 ला एफबीआयने कॉलेज बास्केटबॉलमधल्या लाचखोरीप्रकरणी धरपकड केली, तेव्हा ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया (यूएससी) या चार विद्यापीठांचे चार असिस्टंट पकडले गेले. चौघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. त्यांचं समर्थन करायचं नाही; मुलांच्या विश्वासाचे पैसे घेणं वाईटच. पण खेळाडूच्या घरापर्यंत जाणारा, त्याच्या आईशी बोलणारा, दलालांच्या तावडीत सापडू शकणारा माणूस व्यवस्थेने असिस्टंटलाच केलेलं आहे. त्यात आता ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. 2021 पासून खेळाडूंना एकदा तरी वर्षभर न थांबता कॉलेज बदलता येऊ लागलं, 2024 पासून कितीही वेळा. त्याच 2021 च्या जुलैपासून आपलं नाव आणि प्रतिमा वापरू दिल्याचे पैसेही मिळू लागले. मुलांच्या दृष्टीने हे फार आधी व्हायला हवं होतं. असिस्टंटचं काम मात्र दुप्पट झालं: बाहेरची मुलं आणायची आणि घरातली टिकवायची. ज्या पोराला दोन वर्षं पायाचं काम शिकवलं, त्याचं फळ दुसऱ्या कॉलेजला मिळतं. गथ्रिज यांच्यासारखं चार-चार वर्षं एका उंच मुलावर मेहनत घेणं आज किती जणांना परवडेल?

तरी तसं जगणारं माणूस आजच्या काळातही सापडतं, आणि ती बाई आहे याचा मला वेगळा आनंद. कनेटिकट विद्यापीठाच्या महिला संघाच्या जीनो ऑरिएमांचं नाव जगभर आहे. 2025 मध्ये त्यांनी बारावं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. 1985 मध्ये ते तिथे आले, त्याच वर्षी क्रिस डेली त्यांच्या असिस्टंट म्हणून आल्या. अजून आहेत. बाराही विजेतेपदांत आहेत. 2018 मध्ये महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये ऑरिएमांनी 1,217 वा विजय मिळवून विक्रम केला, तेव्हा विद्यापीठाने सोहळा दोघांचा केला. हे मला फार आवडलं. पहिल्या खुर्चीवरच्या माणसाने आणि संस्थेने मनावर घेतलं तर दुसऱ्या खुर्चीवर आयुष्य काढता येतं, मानाने काढता येतं.

फराळाच्या दिवशी हे सगळं मी त्या माउलीला सांगितलं नाही, चकल्या थंड व्हायला लागल्या होत्या. पण मार्चमध्ये तो मुलगा स्वतःच आला. "मावशी, दोन ठिकाणी ग्रॅज्युएट असिस्टंटसाठी विचारणा आहे." एक कॉलेज नावाजलेलं, टीव्हीवर दिसणारं. दुसरं डोंगरातलं, छोटं. फी माफ, हातखर्च किरकोळ आणि संघाची व्हॅन चालवायची तयारी हवी. मी त्याला एकच गोष्ट बघायला सांगितली: दोन्हीकडचे असिस्टंट किती वर्षं तिथे आहेत. त्याने लॅपटॉपवर तिथेच शोधलं. मोठ्या कॉलेजात सगळे दोन वर्षांच्या आतले. छोट्या कॉलेजात एक बारा वर्षांपासून, दुसरा नऊ.

तो लगेच काही बोलला नाही. त्याच्या वडिलांनी व्हॅन चालवायची तर विमा कोण काढणार आणि डोंगरात बर्फ पडल्यावर काय, असे दोन प्रश्न विचारले. दोन्ही योग्य होते आणि दोन्हींची उत्तरं त्याला कॉलेजकडून आणायला सांगितली. मग वडील स्वतःच लॅपटॉप पुढे ओढून म्हणाले, "तो बारा वर्षंवाला कोण आहे, दाखव. त्याच्याशी फोनवर बोलता येईल का?"